अल्लायार बेकांचं हिरवं ताट

"राज्य तलवारीने मिळतं, पण जातं ते ताटावरून!"

हे वाक्य आमचे अल्लायार बेक छातीवर हात ठेवून म्हणत. म्हणून झालं की सभेकडे असं बघत, जणू ते दगडावर कोरून घ्यायला कुणीतरी छिन्नी आणायला धावलंच असेल. वाक्य चांगलं होतं, यात वाद नाही. अडचण एवढीच की अल्लायार बेकांना राज्य तलवारीने मिळालं नव्हतं, सासऱ्यांनी दिलं होतं. आणि राज्य म्हणजे तरी काय? खोकंदच्या खानाच्या मुलखातली एक मातीची गढी, एक कालवा, एक बाजार आणि कुंभारांची आळी. बेक गढीच्या बुरुजावर शिंकले तर पलीकडच्या वेशीवरचा माणूस "अल्ला भलं करो" म्हणायचा.

एवढ्याशा राज्यासाठी कोण कुणाला विष घालणार? कुणीच घालत नव्हतं. आणि तेच तर बेकांचं खरं दुखणं होतं.

शेजारच्या खोऱ्यातल्या बेकांवर दोनदा विषप्रयोग झाला होता. ते वारले नाहीत, पण त्यांचं नाव झालं. खोकंदच्या दरबारात त्यांना वरच्या अंगाला बसवू लागले. आमचे बेक दारापाशी, जोड्यांच्या शेजारी. तिथून परतताना ते घोड्यावर गप्प बसून असत आणि गढीत शिरल्यावर एकच प्रश्न विचारत, "माझ्यात असं काय कमी आहे?"

मी शामुराद. या गढीचा बकावल. बेकांच्या आधी प्रत्येक पदार्थाचा घास खायचा आणि मग आपण मरतोय का ते बघायला सगळ्यांसमोर बसून राहायचं, हे बकावलाचं काम. आमच्या घरात ते बापापासून चालत आलेलं. बाप त्यातच गेला. विषाने नव्हे, जेवणाने.

मी घास घेतला की बेक माझ्या तोंडाकडे टक लावून बसत.

"काही होतंय?"

"नाही, हुजूर."

"काहीच नाही? पोटात पीळ? डोळ्यांपुढे अंधार?"

"चव छान आहे, हुजूर."

"हं," म्हणून बेक मान खाली घालून जेवायला लागत. इतका चांगला पुलाव इतक्या खिन्नपणे खाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुलाव करायचा खोलमत-अका. माझ्यापेक्षा वयाने मोठा, म्हणून मी त्याला अका, म्हणजे थोरला भाऊ म्हणे. खोलमत बोलायचा कमी आणि ऐकायचा त्याहून कमी. पण दुंबा मेंढ्याच्या शेपटाची चरबी कढईत सुटायला लागली की त्याच्या चेहऱ्यावर जे तेज येई, ते काझींच्या चेहऱ्यावर ईदेलाही दिसत नसे.

त्या वर्षी शरदात, घाट बर्फाने बंद व्हायच्या आधी, काश्गरचा एक व्यापारी आला. नाव इमीन आखुन. त्याने पेंढ्यातून एक ताट काढलं. शेवाळी हिरवं, हाताला जड, तळाशी बुडलेल्यासारखे दिसणारे दोन मासे.

"चीनचं आहे," तो हळूच म्हणाला. हळू आवाजात सांगितलेली गोष्ट खरी असते, अशी आमच्या बेकांची पक्की समजूत. ते पुढे सरकले.

"याला विषाचा नुसता स्पर्श झाला की हे तडकतं, हुजूर. टण्णदिशी."

"कोणतंही विष?"

"कोणतंही."

"परीक्षा करून दाखव."

"दाखवतो की. पण परीक्षा झाली की ताट फुटलं. फुटकं ताट हुजुरांना काय कामाचं?"

बेक विचारात पडले. "आणि विष नसलं तर?"

"तर ताट गप्प राहतं. बघा ना, आत्तासुद्धा गप्प आहे."

आम्ही सगळ्यांनी ताटाकडे पाहिलं. खरंच गप्प होतं.

तरी बेक आढेवेढे घेत होते. तेव्हा व्यापारी ताट पुन्हा पेंढ्यात ठेवत म्हणाला, "राहू द्या, हुजूर. मी हे सगळ्यांना दाखवतही नाही. ज्यांच्या जिवावर कुणी उठलेलं असतं, अशा मोठ्या माणसांसाठीच आहे हे. बाकीच्यांना याचा काय उपयोग?"

ताट गढीत राहिलं. व्यापारी घाट ओलांडून गेला.

मग कुंभारआळीतून उस्ताद झुन्नुनला बोलावणं गेलं. अख्खं खोरं झुन्नुनच्या घरच्या निळ्या ताटांत जेवायचं. वाळवंटातली खारट झुडपं जाळून त्या राखेचा लेप तो ताटांना द्यायचा, आणि भट्टीतून ती आभाळाचे तुकडे होऊन निघायची. त्याने हिरवं ताट उलटंसुलटं केलं, बोटाने वाजवून कानाशी धरलं आणि खाली ठेवलं.

"चांगलं आहे. जड आहे. पुलाव बक्कळ मावेल."

"आणि विष?"

"ते किती मावेल ते सांगता यायचं नाही, हुजूर."

"जळतोस," बेक म्हणाले. "कुंभाराला दुसऱ्याचं ताट कधी बघवलंय?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शामुराद, उद्यापासून तू आपल्या घरी जेव."

दुसऱ्या दुपारी मी घरी जेवायला गेलो, तर बायको दारातच उभी.

"घरी? या वेळेला? कुणाशी भांडलात?"

"कुणाशी नाही. माझ्या जागी ताट ठेवलंय."

"ताट," ती म्हणाली. "नाव काय म्हणालात तिचं?"

तिने सबंध आठवडा माझ्याकडे संशयाने पाहिलं. तिच्या हातचं शेवयांचं कालवण खाल्ल्यावर मीही तिच्याकडे तसंच पाहू लागलो.

बेकांनी ताटासाठी लोखंडी पट्ट्यांची पेटी करवून घेतली. किल्ली गळ्यात. ताट गढीत आहे एवढ्यानेच विषाचं काम भागतं अशी त्यांची समजूत, म्हणून रोजच्या जेवणाला ते निघत नसे. पेटी उत्तरेच्या खोलीत, कारण तिला एकच दार आणि खिडकी नाही. त्या खोलीत बेकांची आई सोराबीबी हिवाळ्याची खरबुजं छताला टांगून ठेवायच्या. वसंतापर्यंत ती तिथे जशीच्या तशी राहत. चिल्ला, म्हणजे हिवाळ्याचे कडाक्याचे चाळीस दिवस, सुरू झाला की त्या खोलीत विसरलेल्या सुरईतलं पाणी दगड होई.

ताटाचं उद्‌घाटन चिल्ल्यातच करायचं ठरलं. काझी मीरसिद्दीक आणि गावातली झाडून सगळी पांढरी दाढी जेवायला बोलावली. आदल्या दिवशी खोलमत बेकांसमोर येऊन उभा राहिला. आपणहून आला, म्हणजे तसंच काही अडलं असणार.

"हुजूर, ते ताट सकाळी स्वयंपाकघरात लागेल."

बेकांचे डोळे बारीक झाले. "कशाला?"

"पुलाव मुरायला ठेवला की ताट कढईवर पालथं घालतो. वाफेने ताट शेकतं. मग त्यातच वाढतो."

"का?"

खोलमतला हा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. आमच्याकडे हिवाळ्यात ताट न शेकता पुलाव वाढणाऱ्या सुनेला माहेरी पाठवतात. तो म्हणाला, "थंड ताटात गरम घालू नये, हुजूर."

"मी जन्मभर पुलाव खातोय, खोलमत. ताट शेकावं लागतं हे मला कुणी कधी सांगितलं नाही. हे ताट आल्यावरच कसं सांगावंसं वाटलं?"

"आपण कधी स्वयंपाकघरात आला नाहीत, हुजूर."

"ऐकलंत?" बेक सभेला म्हणाले. "मी स्वयंपाकघरात येत नाही, यावर याची नजर आहे."

मग हुकूम सुटला. ताट स्वयंपाकघरात जाणार नाही. कढई दिवाणखान्यात येईल, पेटी बेक स्वतः उघडतील, आणि पुलाव त्यांच्या डोळ्यांदेखत वाढला जाईल. शिवाय स्वयंपाक होत असताना बोल्ता पहारेकरी कढईपाशी उभा राहील. बोल्ताला सांगितलं, "पाणी घातल्यानंतर कसलीही पांढरी पूड कढईत पडता कामा नये." बोल्ता हा हुकूम अक्षरशः पाळणारा माणूस. त्याच्यावर टीका करायची तर त्याच्याबद्दल हे एकच वाक्य पुरेसं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. काम गेलेल्या माणसाला दुसरीकडे जायला जागा कुठे असते? पिवळी गाजरं परतून झाली, पाणी पडलं, खोलमतने वाकून रस्सा चाखला आणि सवयीने मिठाच्या वाडग्यात हात घातला. बोल्ताने त्याचं मनगट धरलं.

"काय आहे ते?"

"मीठ."

"रंग कुठला?"

खोलमतने मुठीकडे पाहिलं, बोल्ताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी आढ्याकडे पाहिलं.

"पांढरा," खोलमत म्हणाला, आणि त्याने मूठ वाडग्यात सोडली.

दुपारी दिवाणखान्यात जेवणाचं दस्तरखान अंथरलं. बेकांनी गळ्यातली किल्ली काढली, पेटी उघडली आणि ताट दोन्ही हातांनी उचलून मधोमध ठेवलं. ठेवल्यावर हात बगलेत घालून शेकले, ते फक्त मीच पाहिलं असं नाही. दोन माणसांनी कढई आणली. झाकण निघालं, वाफ छतापर्यंत गेली, आणि खोलमतने भला मोठा झारा भरून पहिला पुलाव ताटात घातला.

टण्ण.

काठापासून काठापर्यंत, दोन्ही माशांच्या मधून, सरळ तडा गेला.

पुढे आलेली बोटं तिथेच थांबली. बेक उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, हे खरं; पण त्या पांढऱ्याखालून आणखी काहीतरी वर येत होतं. मी असा चेहरा एकदाच पाहिला होता, माझ्या लग्नात, सासऱ्यांचा, सगळ्यांत थोरली मुलगी उजवल्यावरचा.

"मला," बेक म्हणाले. "मला विष!"

खोलमतच्या हातातला झारा काढून घेतला आणि हात पाठीमागे बांधले. चौकशी तिथल्या तिथे, दस्तरखानाभोवतीच सुरू झाली, कारण सगळे बसलेले होतेच. पुलाव पुरावा म्हणून मधोमध वाफाळत राहिला.

"माझं मीठ खाल्लंस!" बेक गरजले.

"हुजूर, मी म्हटलं होतं," खोलमत म्हणाला. "थंड ताटात गरम घालू नये. तडकतं ते."

"म्हणजे ताट तडकणार हे तुला कालच ठाऊक होतं! ऐका, काझी. विष घालणाऱ्याशिवाय हे आदल्या दिवशी कुणाला ठाऊक असतं?"

काझी मीरसिद्दीक यांनी दाढी कुरवाळली. "बिनतोड आहे," ते म्हणाले. ते बेकांच्या प्रत्येक वाक्याला बिनतोड म्हणत. एकदा बेकांनी "आज वारा आहे" म्हटलं होतं, तेव्हाही.

मी उठलो. मला शूर म्हणायची घाई नको. त्या वासापासून दूर मी गेले कितीतरी दिवस बायकोचं कालवण खात होतो. "हुजूर, मी खाऊन दाखवतो," म्हटलं, आणि कुणी नको म्हणायच्या आत मूठ भरून तोंडात टाकली. भात मोकळा, मांस लोण्यासारखं, चरबी जिथल्या तिथे. मीठ तेवढं कमी होतं. पण ती काही मिठाबद्दल बोलायची वेळ नव्हती.

"काही होतंय?" बेकांनी विचारलं. या खेपेला जरा आशेने.

"काही नाही, हुजूर. मी ठणठणीत आहे."

बेकांनी थोडा वेळ माझ्याकडे निरखून पाहिलं. "असणारच. इतकी वर्षं याच्याच हातचं खातोस. तुझ्या अंगात मुरलंय ते."

"बिनतोड," काझी म्हणाले.

खोलमतची मान आता खरोखर जाणार होती. दाराशी उभा असलेला खोलमत माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत एकच प्रश्न होता, "कसा झालाय?" मी मान डोलावली. त्याने सुस्कारा सोडला. माणसाची मान जायच्या वेळेसही काय काय डोक्यात असतं!

मग पुन्हा उस्ताद झुन्नुन. तो भट्टीवरून तसाच उठून आला होता, दाढीत राख. त्याने तड्यावरून नख फिरवलं, ताटाच्या बुडाला हात लावला आणि पटकन काढून घेतला.

"बर्फ आहे," तो म्हणाला. "वरून उकळता पुलाव. माझ्या बायकोने असं केलं असतं तर..."

"म्हणजे," बेकांनी त्याला मधेच तोडलं, "मला कुणीही विष घातलेलं नाही, असं तुझं म्हणणं आहे?"

हे त्यांनी रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांनी ते हळू विचारलं. इतक्या हळू की दस्तरखानाभोवतीच्या सगळ्या पांढऱ्या दाढ्या एकदम खाली झुकल्या. ज्याला सगळं आयुष्य जोड्यांच्या शेजारी बसवलं, त्या माणसाच्या तोंडचा घास कुणी काढून घेत असावं, तसा तो आवाज होता.

झुन्नुनने बेकांकडे पाहिलं. काझींकडे पाहिलं. काझी छताचं नक्षीकाम तपासत होते. गरमीने ताट तडकलं म्हणावं, तर बेकांच्या गळ्यात साधं ताट बांधलं गेलं आणि थंडगार खोलीत कोंडून ते त्यांनी स्वतःच फोडलं. विषाने तडकलं म्हणावं, तर खोलमतची मान. एका पारड्यात बेकांचा मूर्खपणा आणि दुसऱ्यात आचाऱ्याची मान. आमच्या मुलखात असा तराजू कुठल्या बाजूला झुकतो हे झुन्नुनला मडकी विकून विकून चांगलं कळत होतं.

"तसं कसं म्हणेन, हुजूर?" तो पुटपुटला. "हुजुरांसारख्या मोठ्या माणसाला कुणी ना कुणी घालणारच की."

बेकांचा चेहरा उजळला.

"उद्या बाजाराचा दिवस," ते म्हणाले. "मिनाराखाली याची मान उडवायची. लोकांना कळू दे. आणि बातमी खोकंदला कुणी घेऊन जायचं, ते काझींनी बघावं."

"हुजूर," खोलमत म्हणाला.

"दयेची भीक मागू नकोस!"

"नाही. पुलाव झाकून ठेवा म्हणतो. निवतोय."

तेवढ्यात पलीकडचा पडदा सरकला आणि सोराबीबी आत आल्या. म्हातारपणी बाईला सगळे दरवाजे उघडे असतात, आणि सोराबीबी तर उघड्या दरवाजांनाही ढकलूनच येत. सगळे उठून उभे राहिले.

"पुलाव कुठे अडलाय?" त्यांनी विचारलं. "आत बायका कधीच्या ताटकळल्यात. इथे काय दुवा मागताय की जेवताय?"

"आई," बेक गंभीरपणे म्हणाले, "मला विष घातलंय."

"कुणी?"

"खोलमतने."

सोराबीबींनी दाराशी बांधलेल्या खोलमतकडे पाहिलं. "याने? याला स्वतःची विजार नीट बांधता येत नाही." मग ताटाकडे. "हे फुटकं ताट कशाला मांडलंय?"

"ते फुटलं नाही, आई. त्याने विष ओळखलं."

"होतं कुठे हे?"

"उत्तरेच्या खोलीत. पेटीत."

"माझ्या खरबुजांच्या खोलीत?" त्यांनी बेकांकडे एवढा वेळ पाहिलं की बेकांनी दाढी सावरली. पण त्या पुढे काही बोलल्या नाहीत. त्या समजावायला आल्याच नव्हत्या, जेवायला आल्या होत्या. दस्तरखानापाशी बसल्या, बाह्या सरकवल्या, ताटातला भात-गाजर बोटांनी ओढून त्यावर मांसाचा तुकडा दाबला आणि नीट घट्ट घास केला.

आम्ही सगळे पुढे वाकलो. कारण आमच्याकडे वडीलधाऱ्याने आपल्या हाताने पुलावाचा घास पुढे केला की तो नाकारता येत नाही. शत्रूने शत्रूचा नाकारलेला नाही. आणि चारचौघांत आईच्या हातचा नाकारणारा माणूस खोऱ्यात पुन्हा तोंड दाखवू शकत नाही, मग तो बेक असो नाहीतर खान.

"तोंड उघड," सोराबीबी म्हणाल्या.

बेक मागे सरकले. त्यांची नजर घासावर, मग आईच्या चेहऱ्यावर, मग पुन्हा घासावर. त्यांच्या डोळ्यांत काय चाललंय ते आम्हाला दिसलं, आणि आईलाही.

"आई... तूसुद्धा?"

"तुला मारायचं असतं तर लहानपणी गोवर आला होता तेव्हाच सोडून दिलं असतं. त्या वेळी सोपं होतं, ओरडायचासही कमी. तोंड उघड म्हणते ना! हात दुखतोय."

बेकांनी भोवती पाहिलं. सगळ्या पांढऱ्या दाढ्या त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी डोळे मिटले, कलमा पुटपुटला आणि तोंड उघडलं. सोराबीबींनी घास आत कोंबला, अंगठ्याने मिशीवरची शितं ढकलली, आणि दुसरा घास स्वतःच्या तोंडात टाकला.

बेकांनी गिळलं. नरड्यातला तो उंचवटा वर गेला, खाली आला.

"झालं," ते म्हणाले आणि लोडाला टेकून आडवे झाले. "आईसुद्धा माझ्याबरोबर निघाली."

आता सगळं बेकांच्या पोटावर होतं. त्यांना साधी कळ आली, नुसता वारा सरला तरी खोलमत उद्याचा बाजार बघणार होता तो मिनाराखालून. मी आयुष्यभर माझ्या पोटावर लक्ष ठेवून जगलो; त्या दुपारी पहिल्यांदा दुसऱ्याच्या पोटासाठी दुवा मागितली.

"काही होतंय, हुजूर?" मी विचारलं. सवय.

"काहीतरी हलतंय."

"भूक आहे ती," सोराबीबी तोंडात घास असतानाच म्हणाल्या.

बेकांनी निरवानिरव सुरू केली. घोडा थोरल्या मेहुण्याला. बाग धाकट्याला. खांद्यावरचा लांडग्याच्या कातड्याचा झगा काझींना. काझींनी लगेच झग्याच्या अस्तरावरून हात फिरवला, शिवण तपासली आणि मग बेकांच्या चेहऱ्याच्या रंगाकडे अशा काळजीने पाहिलं की बेकांनी झगा हळूच स्वतःच्या अंगाखाली ओढून घेतला.

"मी सगळ्यांना माफ केलंय," बेक म्हणाले. "खोलमत सोडून. बोल्ता, त्याला सोडू नकोस."

बोल्ताने खोलमतची मानगूट पकडली.

"आणि माझ्या थडग्यावर लिहा, 'राज्य तलवारीने मिळतं, पण...'"

इथे बेकांना उचकी लागली.

सगळी सभा अर्धी उठली. बोल्ताचा हात पट्ट्यातल्या सुऱ्याकडे गेला. काझींनी झग्याची एक बाही धरली. खोलमत तेवढा जागच्या जागी उभा होता आणि अजूनही ताटातल्या भाताकडेच बघत होता, निवतोय म्हणून.

"पाणी द्या त्याला," सोराबीबी म्हणाल्या. "सुका घास गिळला की लहानपणापासून त्याला हेच होतं."

झुन्नुनने स्वतःच्याच हातचा निळा पियाला भरून पुढे केला. बेकांनी त्यात वाकून बघितलं, हुंगलं, पुन्हा झुन्नुनकडे बघितलं, आणि इलाज नाही म्हणून प्याले. उचकी थांबली. खोलीत फक्त सोराबीबींच्या जेवणाचा आवाज राहिला.

बेक छताकडे बघत पडून राहिले. मग त्यांची जीभ गालाच्या आतून फिरताना दिसली. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. कपाळावर आठी पडली. इतक्या वर्षांत ते कायम माझ्या तोंडाकडे बघत जेवले होते. आपल्या तोंडात काय आहे याकडे त्यांचं लक्ष आज पहिल्यांदाच गेलं असावं. ते कोपरावर उठले, तडकलेल्या ताटाकडे सरकले, तड्याच्या अलीकडून थोडा भात घेतला, चाखला. पलीकडून घेतला, चाखला. पुन्हा अलीकडून.

काझींनी बाही सोडली.

"खोलमत," बेक म्हणाले.

"हुजूर."

बेकांनी त्याच्या बांधलेल्या हातांकडे पाहिलं, मग बोल्ताकडे, मग पुन्हा ताटाकडे. ते बोलले तेव्हा आवाजात ना मृत्यू होता, ना राज्य.

"याचे हात सोडा रे. मीठ कमी आहे, जरा आण बघू."